दोनशे सतराचा शेंडा

४ जानेवारी

मामा,

फोन केला की तुम्ही "हं" आणि "बरं" या दोन शब्दांत मला उरकता. आज सांगायचं बरंच आहे, आणि जे मागणार आहे ते पोस्टानेच यायचं आहे. म्हणून पत्र.

मामी जाऊन अकरा महिने झाले. तेव्हा मी दोन दिवस राहून परत आले आणि नंतर तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

माझं काम तुम्हाला साधारण माहीत आहे. लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा आम्ही अर्क काढतो आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघतो, मरतात का. दवाखान्यातून परतताना मामी तुमच्या वखारीत थांबायची. तुमचं काम संपेपर्यंत ओंडक्यांमधून हिंडून माझ्यासाठी बुरशी गोळा करायची. अडतीस पुड्या पाठवल्या तिने. प्रत्येक पुडीवर तुम्ही ओंडक्याला घातलेला आकडा. सदतीस पुड्यांतून काही निघालं नाही. दोनशे सतराच्या अर्काने मात्र चार दिवसांत बशीतल्या निम्म्याहून जास्त पेशी मेल्या. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

आता रडगाणं. ही बुरशी जिवंत ठेवायची तर एका बशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत लावत राहावी लागते, रोपाची फांदी तोडून नव्या कुंडीत लावावी तशी. बशीत तिला आयती साखर मिळते. आयतं मिळालं की माणूस बसून खातो, तशीच ही निघाली. वाढते छान, पांढरीशुभ्र, गुबगुबीत, पण तो पदार्थ बनवायचा तिने सोडून दिला आहे. पहिल्या वाढीचा तुकडा थंडीत गोठवून ठेवायचा असतो. मी ठेवला नाही. तेव्हा ती अडतीसातली एक होती. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

आमच्या मोठ्या बाईंनी जुलैअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर दोनशे सतरा बंद. तो ओंडका अजून असेल तर त्यावरची बुरशी खालच्या अंगठ्याएवढ्या लाकडासकट कापून पाठवाल का? कागदातच बांधा. प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन सडते.

तुमची,
भिंगरी


१२ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. रागवलेलो नाही.

ओंडका आहे. कुजका म्हणून कुणी उचलला नाही, कुंपणाजवळ पडून आहे. त्याच्यावर तपकिरी रंगाची, कपाच्या कानासारखी बुरशी आहे. तीन ठिकाणची लाकडासकट कापली. कागदात बांधून सोबत पाठवत आहे.

मी बत्तीस वर्षं लाकूड मोजतो. बुरशी दिसली की भाव पाडायचा, एवढाच तिच्याशी संबंध. तुझी मामी ती पदरात घेऊन यायची तेव्हा आमचा मुकादम म्हणायचा, "वहिनी, आमची घाण घरी नेताय, मोजणीदारांना काय कमी आहे का घरी?" ती म्हणायची, "कमी नाही हो, पण हिचं तरी काही चांगलं होतंय का बघू."

मी बरा आहे. सकाळी दोन पोळ्या करतो, त्या दोन वेळेला पुरतात. काम करत राहा.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

पुडकं चांगल्या स्थितीत मिळालं. तुमच्या गाठी सोडवायला मोठ्या बाईंना कात्री आणावी लागली.

पण ही ती नाही. मामीची तेव्हा वाळून चुरा होऊन आली होती, म्हणून दिसण्यावरून ओळखता आलं नाही, पण बशीत वाढली तेव्हा कळलं की घराणंच वेगळं. हिच्या अर्काने पेशी मेल्या तर नाहीतच, उलट खुशाल वाढल्या. ओंडका नक्की तोच ना? आकडा पुसट असेल आणि दोनशे सत्ताविसाचा सतरा वाचला असेल, असं तर नाही? हे तुम्हाला विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारते.

मामी कधी काही बोलली होती का, ही पुडी कुठून घेतली वगैरे? पहिला चांगला निकाल आला त्या दिवशी मी आधी तिलाच फोन केला होता. मोठ्या बाईंनाही नंतर सांगितलं. म्हटलं, "मामी, तुझ्या बुरशीने मारल्या गं!" ती इतकी हसली. "खरंच मारल्या?" असं दोनदा विचारलं. नंतर ती याबद्दल काही बोलली असेल तर आठवून लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल.

भिंगरी


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आकडा मी लाल रंगाने घालतो. तो पुसट होत नाही. ओंडका दोनशे सतराच आहे.

सगळ्या बाजूंनी उलटून पाहिला. आणखी पाच ठिकाणची कापून पाठवत आहे. एक पुडी आतल्या पोकळीतली आहे, तिथे हात जात नव्हता.

तुझ्या मामीने काही सांगितलं नाही.

मामा


११ मार्च

मामा,

पाचही नाहीत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही एक चांगला निकाल पाहिलात, तो पुन्हा मिळत नाही, म्हणजे आपल्या लेखी तो नाही." त्या कठोर नाहीत. बरोबर आहेत. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी जाऊन मुकाट्याने बशा धुतल्या.

कपाट आवरताना मामीची मूळ पुडी सापडली. आत बुरशी उरलेली नाही, पण बुरशी कापताना तिच्यासोबत आलेली लाकडाची एक ढलपी होती, माझ्या करंगळीएवढी. पूर्ण वाळलेली, त्यातून काही वाढणार नाही. मला तिचा उपयोग नाही. मामीच्या हाताने कापलेली आहे, म्हणून तुम्हाला पाठवते.

तुम्ही खूप केलंत. आता राहू द्या.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी,

राहू द्यायचं नाही. ढलपी पाहिली.

लाकडात वर्षागणिक एक कडं पडतं. जाड बुंध्यातली ढलपी घेतली तर त्या कड्याची रेघ जवळजवळ सरळ दिसते, कारण वर्तुळ मोठं असतं. शेंड्याकडे लाकूड बारीक, म्हणून रेघ वाकडी. तू पाठवलेल्या ढलपीतली रेघ इतकी वाकडी आहे की ते लाकूड वीतभर जाडीचंच असलं पाहिजे. शिवाय कडेला लहान गाठ आहे. अशा गाठी फांद्या फुटतात तिथे, वरच्या अंगाला असतात. कुंपणाजवळचा दोनशे सतरा कुठेही तीन वितींपेक्षा बारीक नाही.

म्हणजे मी तुला दोन महिने अर्ध्याच ओंडक्यावरची बुरशी पाठवत होतो.

आमच्याकडे आकडा बुंध्याच्या तोंडावर घालतात. ओंडका कापला की आकडा बुंध्याबरोबर राहतो. शेंडा बिनआकड्याचा होतो, आणि विकायच्या लायकीचा नसेल तर तो वहीतही राहत नाही. दोनशे सतरा कापायला मीच सांगितला असणार. शेंडा सडला होता म्हणून. वर्षाला असे शंभर तरी कापतो, लक्षात राहिलं नाही. तुझी मामी आली तेव्हा तो अखंड होता. ती बारीक टोकाकडे बसली असेल, तिथे उंची बसायला बरी पडते. आकडा चालत जाऊन दुसऱ्या टोकाला वाचला असेल आणि पुडीवर लिहिला असेल. तिने बरोबर लिहिलं. चुकलो मी.

असे शेंडे आम्ही थप्प्यांच्या खाली आडवे टाकतो, वरच्या मालाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. वखारीत एकवीस थप्प्या आहेत. गेले चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत विजेरी घेऊन प्रत्येकीच्या खाली आडवा होऊन पाहिलं. मुकादम म्हणाला, "मागच्या जन्मी उंदीर होतात का काय?" मी म्हटलं, "या जन्मी मांजर तरी सोडू नका मागे."

सापडला. एकोणिसाव्या थप्पीखाली, मधला. कापल्याच्या खुणा जुळतात, बुंध्याच्या तोंडाशी माप जुळतं, आणि त्याच्यावर बुरशी आहे. ही कपाच्या कानासारखी नाही, पातळ, करड्या रंगाची, कडेला पांढरी.

हात पोचत नाही. वर चौसष्ट तुळया आहेत. थप्पी हलवायला मालकांची परवानगी लागेल. विचारतो.

मामा


१६ एप्रिल

चि. भिंगरी,

सोबतच्या पुडक्यात शेंड्यावरची बुरशी आहे, चार पुड्या, लाकडासकट. ती कशी मिळाली ते लिहितो. त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी तुला सांगणार नव्हतो. पण ती आता मी मालकांना सांगितली आहे, आणि परक्याला सांगून तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही.

मालकांना विचारायला गेलो. कशासाठी ते खरं सांगितलं. ते म्हणाले, "हलवू की. आठ माणसं देतो. पण निघेल त्यातलं अर्धं मला."

"तुम्हाला कशाला?"

"ताईसाठी. तिलाही वहिनींसारखा कॅन्सर झालाय. सहा वेळा सलाईन घ्यायला सांगितलंय, आणि ती सुईला घाबरते. तुमच्या भाचीच्या औषधाने भागत असेल तर कशाला तिचे हाल?"

"ते औषध नाही, मालक."

"मग माझी थप्पी कशाला हलवायची?"

"औषध होऊ शकतं का ते बघायला."

"म्हणजे होऊ शकतं! मग द्यायला काय होतंय? सरळ सांगा ना मोजणीदार, घरातल्या घरात ठेवायचंय."

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "हलवायची तर स्वतः हलवा. माझा एक माणूस मिळणार नाही."

म्हणून सुट्टीच्या दिवशी जाऊन स्वतः हलवायला लागलो. पहार आणि दोन गोल रूळ. पहिल्या रविवारी सात तुळया. दुसऱ्या रविवारी नऊ. तिसऱ्या रविवारी मुकादम आला, न बोलता दुसरं टोक धरलं, आणि मग दिवसभर बोलत राहिला. त्या दिवशी एकवीस. चौथ्या रविवारी मालक आले. बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "एवढं करताय, आणि म्हणता औषध नाही. मला वेडा समजता?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पहार हातातच होती.

तू मामीला फोन केलास त्या संध्याकाळी ती म्हणाली, "पोरीच्या बशीत मरतात, तर माझ्यात का नाही?" तिने तीच बुरशी आणखी काढून आणली होती. मी ती उकळून दिली. मीच. चहाच्या पातेल्यात, रोज सकाळी, गाळून. तिला सलाईनने फार त्रास व्हायचा, तोंड यायचं, जेवण जायचं नाही. त्या महिन्यात ती पोटभर जेवली, हसली, आणि मला वाटलं गुण येतोय. आता कळतं, सलाईन नव्हतं म्हणून तिला बरं वाटत होतं. दोन खेपा चुकवल्या. दवाखान्यात सांगितलं, घरी पाहुणे आहेत. तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, आजार वाढलाय.

मालक थप्पीजवळ आले. मग विचारलं, "किती खेपा म्हणालात?"

"दोन."

"ताईची मंगळवारची आहे," ते म्हणाले. आणि मुकादमाला म्हणाले, "उद्या माणसं लाव आणि उरलेल्या उतरव."

मागे तू विचारलंस, मामी काही बोलली का. मी नाही लिहिलं. ते खोटं होतं.

पुडकं उघडायला वेळ लावू नकोस. लाकूड वाळतं.

मामा


९ मे

मामा,

पुडकं येऊन दोन आठवडे झाले. थंड कपाटात ठेवलं आहे. उघडलेलं नाही.

"मारल्या गं." हे मी म्हटलं होतं. शाळेतल्या मुलीने पहिला नंबर आल्यावर ओरडावं तसं. बशीतल्या पेशी मारायला फार काही लागत नाही मामा. मिठाने मरतात, साबणाने मरतात. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मला माहीत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती तेवढी हसली नसती.

मोठ्या बाईंना सांगितलं की मी हे काम सोडते. त्या म्हणाल्या, महिनाअखेर लेखी द्या. तोवर विचार करा.

तुम्ही चौसष्ट तुळयांच्या थप्पीला हात घातलात आणि मला एक गाठ सोडवत नाही. मला माफ करा, असं लिहायला बसले होते, पण कशाकशासाठी ते लिहिता येत नाही.

भिंगरी


१५ मे

चि. भिंगरी,

तुझं काही चुकलं नाही, असं मी लिहिणार नाही. तू ते मान्य करणार नाहीस, आणि ते खरंही नाही. तू अर्धंच सांगितलंस. तिने हवं तेवढंच ऐकलं. मी उकळलं. तिघांनी मिळून केलं. त्यातली एक गेली, आता आपण दोघं आहोत.

मी डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. मागच्या वर्षी जायला हवं होतं, पाय निघाला नाही. विचारलं, त्या दोन खेपा घेतल्या असत्या तर? त्या म्हणाल्या, कदाचित काही महिने मिळाले असते, कदाचित नाही, मला माहीत नाही. नक्की नाही, असं त्या म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. म्हणून मीही तुला म्हणत नाही. हे असंच घेऊन राहायचं आहे. मी राहतो आहे. सकाळी उठतो, पोळ्या करतो, आकडे घालतो. जमतं.

पण एक गोष्ट मला समजत नाही. तू काम सोडलंस तर कुणाचं भलं होणार? मामीचं नाही. मालकांच्या ताईंचं नाही. त्यांच्या दोन खेपा झाल्या, त्रास होतोय, जातायत. डॉक्टरबाई म्हणाल्या, सध्याचं औषध याहून सौम्य असतं तर निम्मे लोक खेपा चुकवतच नसते. मी त्यांना विचारलं, ते कोण शोधतं? त्या म्हणाल्या, कुठेतरी कुणीतरी बशा घेऊन बसलेलं असतं.

ते कुणीतरी कसं असावं, असं मला विचारलंस तर मी सांगेन. जिला अर्धं सांगितल्याने काय होतं ते कळलेलं आहे, तिने बसावं. दुसरी कुणी बसली तर ती पुन्हा कुणाच्या तरी मामीला फोन करेल.

लेखी द्यायचं असेल तर दे, मी अडवणार नाही. पण आधी पुडकं उघड. लाकूड थंडीतही वाळतं, फक्त हळू. बुरशी जिवंत आहे की नाही एवढं बघ आणि मला कळव. ते कळायचा माझा हक्क आहे. कंबर अजून धरलेली आहे.

मामा


१४ जुलै

मामा,

तुमचं पत्र आलं त्या दुपारी पुडकं उघडलं.

चारपैकी तीन पुड्यांतून काही आलं नाही. उशीर मी केला, हे लिहून ठेवते. चौथीतल्या लाकडाच्या आतल्या भागातून अकराव्या दिवशी बशीत एक पांढरा धागा दिसला. केसाएवढा. मी मोठ्या बाईंना हाक मारली. त्या चष्मा पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "आधी गोठवा. नाचणं नंतर." पहिल्या वाढीचे सहा तुकडे गोठवले. दोन वेगळ्या कपाटांत.

मग अर्क. आता नीट वाचा, कारण यावेळी मी सगळं सांगणार आहे.

कॅन्सरच्या पेशी मेल्या. पूर्वीइतक्याच. बाईंनी स्वतः वेगळा अर्क काढून वेगळ्या दिवशी करून पाहिलं, मेल्या.

मग निरोगी पेशींवर तोच अर्क घातला. त्याही मेल्या. तिप्पट अर्क लागला, पण मेल्या. म्हणजे मामीने प्यायलेल्या काढ्यात काही उतरलं असेल तर त्याने तिचं भलं झालं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

या अर्कात शंभर तरी पदार्थ आहेत. त्यातला मारणारा कोणता, तो वेगळा काढायचा. तो निरोगी पेशींना सोडतो का बघायचं, सोडत नसेल तर त्यात बदल करून बघायचा. मग उंदीर. मग बरंच पुढे, झालंच तर, माणूस. बहुतेक पदार्थ यातल्या कुठल्या तरी पायरीवर गळतात. हाही गळेल, हीच शक्यता जास्त. बाईंनी दोन वर्षांची मुदत दिली आहे. मेअखेरीस दिलेला राजीनाम्याचा कागद मी परत मागितला. त्या म्हणाल्या, "कुठला कागद?"

आमच्याकडे निकाल फळ्यावर लिहितात. मी वर एक ओळ लिहिली आहे, ती पुसायची नाही असं सगळ्यांना सांगितलंय: हे बशीत झालं आहे, माणसात नाही. घरी फोन करण्याआधी वाचा.

कंबर शेकता का?

भिंगरी


२२ जुलै

चि. भिंगरी,

शेकतो. मुकादमाने कसलं तरी तेल दिलं आहे, वास फार येतो.

तुझं पत्र मी वखारीत वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, पण थप्पी त्यांनी उतरवली होती, त्यांना कळायला हवं होतं. दुपारच्या सुट्टीत सगळे बसले होते. मालकही येऊन उभे राहिले. त्यांच्या ताईंची चौथी खेप परवा झाली. मी सगळं वाचलं, निरोगी पेशींचंही, गळण्याचंही. मला मोठ्याने वाचायची सवय नाही, मध्येच पाणी प्यावं लागलं.

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. मग मुकादम म्हणाला, "म्हणजे वहिनींनी औषध शोधलं म्हणायचं."

मी म्हटलं, "नाही. तिने बुरशी शोधली. औषध शोधायचं आहे."

"सापडेल का?"

"ती म्हणते, बहुधा नाही."

"मग?"

"मग शोधत राहायचं."

मालकांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे कामाला लागले.

पुढची दोन वर्षं तुला कुठलं लाकूड लागेल ते कळव. कुजकं मी आता विकू देत नाही.

मामा